विसार घेतला, खरेदीखत अडकलं, आणि आता चारसोवीस: हायकोर्ट असा गुन्हा कधी रद्द करतं?

एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सातारा जिल्ह्यातली वडिलांच्या नावची दोन एकर जमीन, ऑगस्ट २०२४ मध्ये ६८ लाखाला व्यवहार ठरला, विसार पावती झाली, १२ लाख आरटीजीएसने आले, चार महिन्यांत खरेदीखत करायचं ठरलं. मधेच आत्याने वाटपाचा दावा लावला आणि खरेदीखत लटकलं. ५ लाख परत दिले, ७ लाख राहिले, ते वडिलांच्या बायपासमध्ये गेले. आता घेणाऱ्याने फिर्याद दिलीय, वडील आणि मुलगा दोघांवर बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) (फसवणूक), ३१६(२) (विश्वासघात) आणि ३(५) (समान उद्देश) लागलंय, पोलिस ठाण्यातून फोन येतात की पैसे देऊन मिटवून टाका. हा तर दिवाणी वाद आहे ना, मग हायकोर्ट गुन्हा रद्द करेल का, आणि पैसे आत्ता द्यायचे का?

मी फौजदारी बाजूला २६ वर्षं वकिली करतोय आणि दर महिन्याला असं एक तरी प्रकरण टेबलावर येतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाका. "साहेब, हे दिवाणी आहे" एवढं म्हटलं की गुन्हा रद्द होतो असं नाही. एकाच व्यवहारातून दिवाणी दावाही होऊ शकतो आणि गुन्हाही होऊ शकतो, दोन्ही एकाच वेळी चालूही शकतात, आणि करारात लवादाचं कलम आहे म्हणून फसवणुकीची फिर्याद बंद पडत नाही हेही सुप्रीम कोर्टाने १९९९ पासून परत परत सांगितलंय. त्यामुळे वाद दिवाणी आहे का हा प्रश्न घेऊन हायकोर्टात गेलात तर सरकारी वकील एका वाक्यात उत्तर देतो की दिवाणीही आहे आणि फौजदारीही आहे, आणि तुमची बाजू तिथेच ढिली पडते. प्रश्न असा विचारायचा की एफआयआरमध्ये लिहिलेला शब्द न शब्द खरा धरला, तरी त्यातून गुन्हा तयार होतो का? भजनलालच्या निकालात, म्हणजे हरियाणा सरकार विरुद्ध भजनलाल, १९९० सालचा, सुप्रीम कोर्टाने गुन्हा रद्द करण्याचे सात प्रकार सांगितले, त्यातला पहिलाच हा आहे. सातवा प्रकार सूडबुद्धीने केलेल्या फिर्यादीचा. लोकांना सातवा फार आवडतो, समोरच्याने कसा खुन्नस काढला हे पानंच्या पानं लिहून आणतात, पण निम्म्याहून जास्त लढाई पहिल्या प्रकारावर जिंकली जाते हा माझा अनुभव.

आता फसवणूक म्हणजे काय ते बघू. ३१८ म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानातलं (भादंवि) ४१५, ४१७, ४१८ आणि ४२०. यात गाभा एकच, पैसे घेतले त्या क्षणी मनात काय होतं. नंतर नियत फिरली, पैसे संपले, अडचण आली, शब्द पाळला नाही, हे सगळं करारभंगात येतं, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. फसवणुकीत सुरुवातीलाच खोटं बोलून समोरच्याला भुलवलेलं असावं लागतं आणि त्या भुलवण्यामुळेच त्याने पैसे सोडलेले असावे लागतात. हृदयरंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार, २००० सालचा निकाल, त्यात हे फार स्वच्छ सांगितलंय, आणि त्यात एक बारीक गोष्ट अशी आहे की नंतरच्या वागण्यावरून सुरुवातीची नियत तपासता येते, पण फक्त नंतर पैसे दिले नाहीत एवढ्यावरून सुरुवातीला नियत खोटी होती असं म्हणता येत नाही. ही बारीक गोष्ट तुमच्या केसमध्ये फार कामाची आहे, पुढे येतो त्याच्याकडे.

मी एफआयआर हातात आली की एक काम करतो. पेन्सिल घेतो, पैसे दिल्याची तारीख जिथे आहे तिथे आडवी रेघ मारतो. मग रेघेच्या वर काय लिहिलंय आणि खाली काय लिहिलंय ते वेगवेगळं वाचतो. मागच्या वर्षी एक फिर्याद अशीच वाचत होतो, साडेतीन पानं होती, रेघेच्या वर फक्त पाच ओळी, की आमची ओळख एका नातेवाइकाच्या घरी झाली, त्यांनी जमीन दाखवली, भाव ठरला, पावती केली, पैसे दिले. बाकी तीन पानं सगळी रेघेच्या खाली, फोन उचलत नव्हते, उद्या या परवा या म्हणायचे, शेवटी शिवीगाळ केली, काय करायचं ते करा म्हणाले. शेवटच्या ओळीत "सुरुवातीपासूनच फसवणूक करण्याच्या उद्देशाने" हे ठरलेलं वाक्य, जे ठाणे अंमलदार स्वतःहून टाकतो कारण त्याच्याशिवाय कलम बसत नाही. हायकोर्टात मी हेच दाखवलं, की मायलॉर्ड, पैसे सोडण्याआधी फिर्यादीला नेमकी कोणती खोटी गोष्ट सांगितली ते या फिर्यादीत कुठे आहे ते दाखवा. सरकारी वकिलांना ती ओळ सापडली नाही कारण ती नव्हतीच. तुम्ही पण तुमच्या एफआयआरवर हे आज करून बघा, खरंच सांगतो, वकिलाकडे जायच्या आधीच अर्धं चित्र कळेल.

तुमच्या प्रकरणात रेघेच्या वर एक धोक्याची जागा आहे आणि ती मी लपवणार नाही. विसार पावतीत एक वाक्य हमखास असतं, "सदर मिळकत निर्वेध व बोजारहित असून त्यावर अन्य कोणाचाही हक्क, हितसंबंध नाही." पावती लिहिणारा बाँड रायटर ते डोळे झाकून टाकतो, देणारा वाचत नाही, घेणारा वाचत नाही, आणि गुन्हा झाला की फिर्यादीच्या वकिलाचा सगळ्यात मोठा आधार तेच वाक्य होतं. तो म्हणणार, बहिणीचा हिस्सा आहे हे माहीत असून लपवलं आणि म्हणून आम्ही १२ लाख दिले. म्हणून मला तुमच्याकडून तीन कागद हवेत आणि तेही तारखांसकट. एक, पावतीच्या दिवशीचा सातबारा आणि त्यामागचे फेरफार, आजोबा वारल्यावर वारसनोंद झाली तेव्हा आत्याचं नाव लागलं होतं का, लागलं असेल तर नंतर हक्कसोड पत्राने कमी झालं का. दोन, आत्याचा दावा कधी दाखल झाला आणि समन्स वडिलांना कधी मिळालं. तीन, दाव्याआधी आत्याची नोटीस वगैरे काही आली होती का.

समजा आत्याचं नाव सातबाऱ्यावर होतं आणि घेणाऱ्याने उतारा बघूनच व्यवहार केला, तर लपवाछपवीचा प्रश्नच संपला, रेकॉर्ड सगळ्यांना उघडं आहे. समजा आत्याने २० वर्षांपूर्वी रजिस्टर हक्कसोड दिलं होतं आणि आता ते फसवून घेतलं म्हणून दावा लावलाय, तरी वडिलांच्या बाजूने चांगलं आहे, कारण पावतीच्या दिवशी त्यांची समजूत प्रामाणिक होती. पण जर पावतीच्या आधीच नोटीस आली होती, किंवा दावा आधी लागलेला होता आणि तरी ते निर्वेधचं वाक्य लिहून १२ लाख घेतले, तर सरळ सांगतो, हायकोर्ट गुन्हा रद्द करेल अशी आशा ठेवू नका, तिथे तपास होऊ द्या म्हणतील आणि कायद्याने ते चूकही म्हणता येणार नाही. सगळं या तारखांवर आहे.

दुसरं कलम ३१६(२), म्हणजे जुनं ४०६, विश्वासघात. हे तुमच्या केसमध्ये लावलंच कसं हे मला कळत नाही, पण लावतात, सवयीने दोन्ही लावतात, ४०६-४२० ही जोडी पोलिस ठाण्यात तोंडात बसलेली आहे. विश्वासघातासाठी माल किंवा पैसा तुमच्याकडे विश्वासाने सोपवलेला असावा लागतो, म्हणजे मालकी त्याचीच, तुम्ही फक्त सांभाळणार किंवा सांगितलेल्या कामाला वापरणार. विसार म्हणजे किमतीचा भाग, तो दिला की जमीन विकणाऱ्याचा झाला, सोपवलेला राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने यावर पोलिसांना आणि मॅजिस्ट्रेटांना चांगलंच सुनावलंय. तिथे घोड्यांचा खुराक आणि ओट पुरवणाऱ्याचे ९ लाख ११ हजार ४३४ रुपये थकले होते आणि क्लबच्या पदाधिकाऱ्यांवर फौजदारी लावली होती. कोर्ट म्हणालं विक्रीच्या व्यवहारात माल गेला की मालकी गेली, मग विश्वासघात कुठून, आणि फसवणूक व विश्वासघात हे दोन गुन्हे एकाच घटनेवर एकत्र नांदूच शकत नाहीत, कारण एकात नियत सुरुवातीपासून खोटी असते आणि दुसऱ्यात सुरुवातीला विश्वास खरा असतो. हा निकाल याचिकेत पहिल्या पानावर घ्या. त्याच्या जोडीला २०१८ चा आनंदकुमार मोहट्टा, डेव्हलपमेंट करारातल्या १ कोटीच्या डिपॉझिटवरून ४०६ लावलं होतं, सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, आणि चार्जशीट दाखल झालं तरी रद्द करण्याचा अधिकार संपत नाही हेही त्यातच सांगितलंय.

तुमच्या केसच्या सगळ्यात जवळचा निकाल मात्र १६ एप्रिल २०२५ चा आहे, कानपूरच्या गोडाऊनचा. तोंडी सौदा १ कोटी ३५ लाखाचा, घेणाऱ्याने १९ लाख दिले, ठरलेला २५ टक्के अॅडव्हान्स वेळेत पूर्ण केला नाही, मालकाने गोडाऊन दुसऱ्याला कमी किमतीत विकलं. घेणारी बाजू मॅजिस्ट्रेटकडे दोनदा गेली, दोन्ही वेळा अर्ज फेटाळला की हे दिवाणी आहे, आणि तरी नंतर पोलिसांनी एफआयआर घेतली. सुप्रीम कोर्टाने गुन्हा तर रद्द केलाच, वर उत्तर प्रदेश सरकारवर ५० हजार रुपये खर्च बसवला. तिथे मालकाने गोडाऊन तिसऱ्याला विकून टाकलं होतं, तुमच्या वडिलांनी तसंही काही केलेलं नाही, जमीन जागेवर आहे, उलट ५ लाख परत दिलेत. हे ५ लाख परत देणं आता वर म्हटलेल्या बारीक गोष्टीत बसवा, नंतरच्या वागण्यावरून नियत तपासायची तर हे वागणं प्रामाणिक माणसाचं आहे, लुबाडायचंच होतं तर ५ लाख बँकेतून परत कोण देतं? ती बँक एंट्री, त्या दिवशीचे व्हॉट्सअॅप मेसेज, आत्याच्या दाव्याबद्दल तुम्ही घेणाऱ्याला कधी कळवलं ते, सगळं काढून ठेवा. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका.

आणि एक, घेणाऱ्याला कायद्याने वाऱ्यावर सोडलेलं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ मध्ये विसाराच्या रकमेपुरता त्या जमिनीवरच घेणाऱ्याचा बोजा धरलाय, तो कराराची पूर्तता मागू शकतो, पैसे व्याजासकट मागू शकतो, तीन वर्षांची मुदत अजून संपलेली नाही. मग तो दिवाणीत का गेला नाही? कारण तिथे कोर्ट फी भरावी लागते आणि वर्षं जातात, आणि पोलिस ठाण्यात एक अर्ज दिला की दुसऱ्या दिवशी फोन जातो. मला त्याचा रागही येत नाही, १२ लाख त्यानेही कुठून तरी जमवले असतील, आणि आपली दिवाणी कोर्टं वेळेवर न्याय देत नाहीत हे खरंच दुखणं आहे. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी या २००६ च्या निकालात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी हेच कारण लिहिलंय, की दिवाणी मार्ग वेळखाऊ आहे आणि फौजदारीत अडकवलं की तडजोड लवकर होते असा धंद्यातल्या लोकांचा समज झालाय. पण त्याच निकालाचा दुसरा भाग लोक वाचत नाहीत. विमान कंपनीने इंधनाच्या थकबाकीपोटी विमानं तारण दिली होती, नंतर तारणातली इंजिनं काढून नेल्याचा आरोप होता, कोर्टाने विश्वासघाताचं कलम काढलं पण फसवणूक आणि नुकसानीची कलमं ठेवली. म्हणजे एकाच फिर्यादीत एक कलम जाऊ शकतं आणि दुसरं राहू शकतं, सगळं किंवा काहीच नाही असा हिशेब नसतो.

उलट बाजूचं उदाहरण पण सांगतो, म्हणजे फरक डोळ्यासमोर येईल. द्राक्षाच्या सीझनमध्ये व्यापारी येतो, तासगावला म्हणा नाशिककडे म्हणा, पहिल्या दोन बागांचे पैसे रोख देतो, गावात विश्वास बसतो, मग पंधरा दिवसांत तीस बागा उचलतो, चेक देतो, चेक परत येतात, आणि कार्डावर छापलेल्या गाळ्यावर जाऊन बघितलं तर गाळा दुसऱ्याच्या नावावर. हा पण शेवटी मालाचे पैसे न दिल्याचाच विषय, पण इथे रेघेच्या वरच खोटा पत्ता आहे, खोटी ओळख आहे, आणि पहिल्या दोन बागांचे पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष. असा गुन्हा रद्द करा म्हणून आलेल्या व्यापाऱ्याचं वकीलपत्र घेतलं तर मी त्याला पहिल्याच दिवशी सांगतो की इथे अटकपूर्व जामिनासाठी लढू, रद्द होणार नाही. पण आठ वर्षं तोच व्यापारी त्याच शेतकऱ्याचा माल घेतोय, दरवर्षी हिशेब चुकता केलाय, आणि एका वर्षी बाहेर भाव पडल्याने शेवटची दोन बिलं राहिली, तर ते पूर्ण वेगळं, तिथे वसुलीचा दावा होईल, चेक असेल तर चेक न वटल्याची १३८ ची केस होईल, फसवणूक होणार नाही.

आता मार्ग कसा आहे ते. एक घोळ आधी मिटवतो, जुन्या सीआरपीसीमध्ये (फौजदारी प्रक्रिया संहिता) गुन्हा रद्द करायचं कलम ४८२ होतं, नव्या बीएनएसएसमध्ये (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) ते ५२८ झालं, आणि नव्यातलं ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन. लोक मला फोन करून ४८२ टाका म्हणतात तेव्हा आधी विचारावं लागतं जुनं की नवं. तुमचा व्यवहार १ जुलै २०२४ नंतरचा असल्यामुळे गुन्ह्याची कलमंही बीएनएसची बरोबर आहेत, व्यवहार आधीचा असता तर भादंविची लागली असती, ती चूक पण पुष्कळ एफआयआरमध्ये दिसते.

पहिली पायरी पोलिस. फसवणुकीला शिक्षा सात वर्षांपर्यंत, विश्वासघाताला आता पाच, त्यामुळे लगेच उचलून नेता येत नाही, बीएनएसएसच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते आणि अटक करायची तर कारणं लिहावी लागतात, अर्नेशकुमारच्या २०१४ च्या निकालापासून हे चालत आलंय. नोटीस आली की जा, टाळू नका. फोनवर बोलावलं तर नम्रपणे म्हणा की साहेब नोटीस द्या, मी हजर होतो. जाताना लेखी जबाब आणि कागदांच्या झेरॉक्स यादीसकट न्या आणि पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसह. ही पोहोच पुढे हायकोर्टात दाखवता येते की तपास अधिकाऱ्याला ५ लाखाची एंट्री आणि आत्याच्या दाव्याची प्रत दिली होती. चांगला तपास अधिकारी असेल आणि वरून दबाव नसेल तर तो इथेच "सी" समरीचा अहवाल पाठवू शकतो, म्हणजे फिर्याद खरीही नाही खोटीही नाही, दिवाणी स्वरूपाची आहे. मी अशा समऱ्या मंजूर होताना बघितल्यात, पण त्यावर विसंबून बसू नका.

दुसरं, सेशन कोर्टात वडिलांसाठी आणि तुमच्यासाठी अटकपूर्व जामीन अर्ज लगेच टाका. वडिलांचं बायपास झालंय, डिस्चार्ज कार्ड लावा. इथे एक मोह होतो, वकील म्हणतो ७ लाख कोर्टात भरायची तयारी दाखवू, जामीन पटकन मिळेल. करू नका. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२३ मध्ये, २२ लाख भरण्याची अट घातलेल्या एका अटकपूर्व जामिनाच्या प्रकरणात सांगितलं की जामीन म्हणजे फिर्यादीची वसुली करून द्यायचा मार्ग नाही. आणि महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात जुलै २०२५ मध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की आरोपीने स्वतःहून पैसे भरण्याची हमी दिली तरी तिच्या जोरावर जामीन देऊ नका, गुणवत्तेवरच ठरवा. तिथे आरोपीने २५ लाखाची हमी देऊन जामीन घेतला आणि नंतर भरले नाहीत, म्हणजे आज दिलेली हमी उद्या गळ्यात येते. जमणार नाही ती कबुली देऊ नका.

तिसरं, हायकोर्ट. साताऱ्याची प्रकरणं आता मुंबईला न्यायची गरज नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि सातारा त्यात आहे, तुमच्यासारख्या लोकांचा जाण्यायेण्याचा केवढा तरी खर्च आणि त्रास वाचलाय. एफआयआर रद्द करायची याचिका दोन न्यायमूर्तींपुढे चालते. पहिल्याच तारखेला तपासाला स्थगिती मिळेल असं धरून चालू नका, निहारिका इन्फ्रास्ट्रक्चर विरुद्ध महाराष्ट्र, १३ एप्रिल २०२१, तो निकालच मुंबई हायकोर्टाच्या अशा सरसकट "सक्तीची कारवाई नको" आदेशावरून झाला होता, तेव्हापासून न्यायमूर्ती अंतरिम आदेश देताना फार जपून असतात आणि कारणं लिहितात. म्हणून जामीन आधी, याचिका नंतर किंवा बरोबरीने, हा क्रम चुकवू नका. एकदा एका कुटुंबाने जामिनाचा अर्ज न करता थेट याचिका लावली, तीन तारखा नुसत्या पुढे गेल्या, दरम्यान घरातल्या कर्त्या माणसाला अटक झाली आणि अकरा दिवस आत राहावं लागलं. पुढे गुन्हा रद्द झालाच, पण ते अकरा दिवस कोणी परत देत नाही.

याचिकेत काय लावायचं यावर पण लोक चुकतात. हायकोर्ट या टप्प्यावर पुरावा तोलत नाही, तुमचे साक्षीदार ऐकत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं वगैरे लावून फाइल जाड करू नका. लावायचे ते असे कागद, ज्यांच्या खरेपणावर वादच होऊ शकत नाही. राजीव थापर, २०१३, त्यात ही कसोटी आहे. बँकेचं स्टेटमेंट, रजिस्टर दस्त, सातबारा-फेरफारची प्रमाणित प्रत, आत्याच्या दाव्याची प्रमाणित प्रत, फिर्यादीने स्वतः पाठवलेली वकिलाची नोटीस. ती नोटीस असेल तर सोनं आहे. बहुतेक वेळा माणूस एफआयआरच्या आधी नोटीस देतो आणि त्यात लिहितो की करारानुसार खरेदीखत करून द्या नाहीतर व्याजासह पैसे द्या, फसवणुकीचा चकार शब्द नसतो, आणि तीन महिन्यांनी त्याच गोष्टीची फिर्याद होते तेव्हा अचानक "सुरुवातीपासूनच" येतं. ऑगस्ट २०२३ च्या महमूद अली निकालाने हायकोर्टाला सांगितलंय की अशा फिर्यादी ओळींच्या मधलं वाचून तपासा, कारण सूड घ्यायचा असला की फिर्याद वकिलाकडून नीट बसवूनच आणली जाते.

मुलाचं म्हणजे तुमचं वेगळं आहे आणि बरंच सोपं आहे. पावतीवर तुमची सही साक्षीदार म्हणून आहे, पैसे तुमच्या खात्यात आले नाहीत, तुम्ही काही आश्वासन दिलं असं एफआयआरमध्ये नसेल तर ३(५) म्हणजे समान उद्देश नुसता नात्यामुळे लागत नाही. याचिकेत तुमचे मुद्दे स्वतंत्र परिच्छेदात लिहायला सांगा, वडिलांचं काही झालं तरी तुमचं नाव निघायला पाहिजे. उद्या फिर्यादी पक्ष बनावट दस्ताची कलमं वाढवा म्हणून मागे लागला तर घाबरू नका, मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार, २००९, स्वतःच्या नावाने, माझी आहे म्हणून मालमत्ता विकायला काढली आणि ती पूर्ण त्याची नव्हती, तरी तो दस्त बनावट होत नाही. मात्र त्याच निकालात हेही आहे की घेणारा फसवणुकीची तक्रार करू शकतो, म्हणजे गाडी परत त्या निर्वेधच्या वाक्यावर येते.

आता पैशाचं. ७ लाख तुम्ही देणं लागता, हे मनाशी पक्कं ठेवा, गुन्हा रद्द झाला म्हणून देणं संपत नाही. पण पोलिस ठाण्यात, टेबलावर, रोख, कोणाच्याही दबावाखाली एक रुपया देऊ नका, त्याची पावती मिळत नाही आणि पुढच्या महिन्यात मी घेतलेच नाहीत म्हणायला वाव राहतो. द्यायचेच तर दोन वकिलांच्या मधे तडजोडीचा कागद करा, त्यात व्याज, हप्ते, विसार पावती रद्द झाल्याचा उल्लेख, आणि फिर्यादी हायकोर्टात संमतीचं प्रतिज्ञापत्र देईल ही अट, सगळं लिहा, शेवटचा हप्ता प्रतिज्ञापत्राच्या दिवशी द्या. ग्यानसिंगच्या २०१२ च्या निकालापासून अशा व्यवहारातल्या गुन्ह्यात संमतीने रद्द करायला हायकोर्ट सहसा आडकाठी करत नाही, आणि ३१८(४) कोर्टाच्या परवानगीने खालीही मिटवता येतं. माझ्याकडची निम्मी प्रकरणं अशीच संपतात आणि मी पक्षकाराला ते कमीपणाचं वाटू देत नाही.

तुमच्या लिहिण्यात आत्याच्या दाव्याची तारीख कुठेच नाही. "मधेच" एवढंच आहे. पावती ऑगस्टमधली, मग दावा सप्टेंबरमधला की जूनमधला? सातारा कोर्टातून दाव्याची प्रमाणित प्रत काढा, पहिल्या पानावर दाखल तारखेचा शिक्का असतो, आणि समन्सवर वडिलांनी सही केलेली तारीख बेलिफच्या अहवालात असते. हे दोन आकडे आणि एफआयआरची प्रत घेऊन वकिलाकडे जा, पोलिस ठाण्यात जायच्या आधी.